आईसाठीची चौकट

माझ्या भावाला घरात सगळे संपादक म्हणतात. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं, चेष्टेनं, आणि ते असं चिकटलं की आईसुद्धा सकाळी "संपादक उठला का?" असंच विचारते. कसला संपादक नि कसलं काय! एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची, तिचाही डावा हात मोडलेला. लेखक तोच, फोटो काढणारा तोच आणि शिपाईही तोच. कुंड्यांमधल्या झाडांची एक वेबसाइट चालवायचा. अजूनही चालवतो म्हणायचं, पण ते नुसतं म्हणण्यापुरतं.

मी त्याची मोठी बहीण. त्याच इमारतीत खाली, रस्त्याच्या अंगाला, माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बदलायची, पँट आखूड करायची, लोकांची पोटं सुटली की शिवणी उसवून सैल करून द्यायच्या. वर तिसऱ्या मजल्यावर आई आणि तो. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्यामुळे मी जे सांगणार आहे ते गोड शब्दांत येणार नाही. ज्याला गोड हवं असेल त्याने दुसरीकडे जावं.

माझा भाऊ बोलताना अडखळतो. लहानपणापासून. "पाणी" म्हणायचं तर 'पा' वर एवढा वेळ थांबायचा की तोवर मी ग्लास आणून द्यायचे. शाळेत पोरं नक्कल करायची, मग त्याने बोलणंच सोडून दिलं. आईशी तो चिठ्ठ्यांनी बोलायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिठ्ठी चिकटवून पसार व्हायचा. "आई, वहीवर शाई सांडली, रागावू नकोस." "आई, मला नवीन बूट नकोत, हेच चालतील." आणि आई ती वाचून ओट्यापासूनच ओरडायची, "नकोत कसे? अंगठा बाहेर आलाय!" त्या दोघांमधलं सगळं असंच चालायचं. हा लिहिणार आणि ती मोठ्याने उत्तर देणार. मला कधीकधी हेवा वाटायचा, खरं सांगते. मी बोलून बोलून घसा कोरडा करायचे, पण आई ऐकायची ते फक्त चिठ्ठीचं.

एक मात्र होतं. वाचताना तो कधीच अडखळला नाही. पुढ्यात लिहिलेला कागद ठेवा, घडाघडा वाचेल. शाळेतल्या बाईंना वाटायचं, हा नाटकं करतो. नाटकं नव्हती. लिहिलेला शब्द समोर असला की त्याच्या जिभेला धीर यायचा, एवढंच.

मोठा झाल्यावर एका वर्तमानपत्रात लागला. छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर. लोक चिटोऱ्यावर मजकूर लिहून आणायचे आणि हा तो तपासून घ्यायचा. बोलायचं काम फारसं नाही, हातात लाल पेन, त्यामुळे गडी खूश होता. आणि किती कडक! "आठवड्यात टकलावर केस," फाट्. "एका तावीजात उंची वाढवा," फाट्. कुणी औषधपाण्याची थाप घेऊन आला की हा मान हलवायचा आणि कागद परत सरकवायचा. व्यवस्थापकाने एकदा सगळ्यांदेखत झापला, "तू पेपर चालवतोस की दवाखाना?" याने उत्तर लिहून दिलं, "लोक छापलेलं खरं मानतात, साहेब." तो कागद तिथल्या लोकांनी बरेच दिवस फळ्यावर लावून ठेवला होता, थट्टा म्हणून.

मग पेपर बंद पडला. खिडकी गेली, पेन गेलं आणि हा घरी बसला.

आईला कुंड्यांचं वेड. आमच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. मिरच्या, टोमॅटो, गुलाब, पुदिना, फुटक्या बादलीतही काहीतरी उगवलेलं. बाजारातून मरायला टेकलेलं रोप आणावं आणि आईने ते उभं करावं. ती बोलायची, "मुळाशी बोट घालून बघ, ओलं आहे तर पाणी कशाला ओततोस, गाढवा?" आणि हा ते लिहून घ्यायचा. त्यातून साइट झाली. आईचं शहाणपण आणि याची भाषा. लोकांना आवडली. कुठून कुठून लोक लिहायचे, आमचा गुलाब वाचला म्हणून.

आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एक चौकट असायची. वर मथळा, "आईसाठी". खाली एक ओळ. "आई, मोठी कुंडी एकटीने सरकवू नकोस, मला हाक मार." "आई, आज ऊन कडक आहे, डोक्यावर काहीतरी घे." कपाटाच्या दारावरची चिठ्ठी आता तिथे लागायची. आई सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसायची, फोनवर लेख उघडायची, आधी मुकाट्याने सगळा वाचून त्यात चुका काढायची, आणि शेवटी चौकटीपाशी आली की तिचा चेहरा बदलायचा. तिथे लिहिलेलं ती पाळायचीच. मी सांगितलं असतं तर तासभर हुज्जत घातली असती. चौकटीत आलं की विषय संपला. वाचकांनाही ती चौकट फार आवडायची. एका बाईंनी लिहिलं होतं, मला झाडांमधलं ओ की ठो कळत नाही, मी फक्त तुमच्या आईची ओळ वाचायला येते.

आईला काचबिंदू आहे. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि नजर कडेकडेने मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आणि गेली ती परत येत नाही. त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर. थेंब घातले की दाब आटोक्यात, नजर जागेवर. त्यात कठीण काही नाही, फक्त थेंब चुकवायचे नाहीत. आईला ते थेंब झोंबायचे. कुरकुर करायची, पण घालायची. संपादकाने तिच्यासाठी साइटवरची अक्षरं मोठी केली, काळीभोर, ठसठशीत. वाचकांना वाटायचं, काय हे बाळबोध! पण त्याने ऐकलं नाही.

आता जाहिरातींचं सांगते, कारण सगळं तिथेच आलं. साइट फुकट वाचायला मिळते, मग याचं पोट कशावर? जाहिरातींवर. एक मोठी कंपनी आहे, ती असल्या हजारो साइटवाल्यांना जाहिराती पुरवते. तुम्ही पानावर जागा नेमून द्यायची आणि ती कंपनी तिथे जाहिरात आणून टाकणार. याने दोन जागा नेमल्या होत्या, एक वर, एक कडेला, आणि औषधं, चमत्कार, जुगार, असलं सगळं बंद करून ठेवलं होतं. लाल पेन सुटलं तरी हाताची सवय सुटली नव्हती.

आणि कंपनीचा एक नियम. साइटवाल्याने किंवा त्याच्या घरच्यांनी स्वतःच्या जाहिरातींवर बोट लावायचं नाही. लावलं तर ती चोरी आणि खातं बंद. आमच्या ह्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "अरे वेड्या, मी सगळ्या इमारतीला दाबायला बसवतो, लखपती होशील!" भावाचा चेहरा असा पांढराफटक पडला की मीच ह्यांना गप्प केलं. दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या दारांवर चिठ्ठ्या. "जाहिरात दिसली तर बोट लावू नये. कृपया." आईच्या कपाटावरही एक. आणि स्वतःच्या हातून चुकून बोट लागू नये म्हणून याने आपल्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर सगळ्या जाहिराती दिसणंच बंद करून टाकलं. या धंद्यातले पुष्कळ लोक करतात म्हणे असं. म्हणजे बघा, आचाऱ्याने आपल्या हातचं चाखायचंच नाही असं ठरवावं, तसलाच प्रकार. त्याची साइट आम्हाला जशी दिसायची तशी त्याला कधी दिसलीच नाही.

मग दिवस फिरले. लोक साइटवर येईनासे झाले. आता शोधायच्या पानावरच उत्तर मिळतं ना! "मिरचीची पानं का वाकतात?" विचारलं की तिथेच चार ओळी लिहून येतात, कुणाच्या तरी साइटवरून उचललेल्या. कुणाच्या तरी कशाला, कित्येकदा याच्याच! एकदा दुकानात बसून त्याने मला दाखवलं. आईचंच वाक्य, बोट घालून बघण्याचं, शब्द जरा इकडचे तिकडे केलेले. मी म्हटलं, "हे तर आपल्या घरातून चोरलंय!" तो म्हणाला, "हं." एवढंच. खांदे पडलेले.

त्याच सुमाराला कंपनीचा निरोप आला. नवीन सुधारणा, साइटवाल्यांसाठी नवीन सोय. आता तुम्ही जागा नेमायची तसदी घेऊ नका, आमचं यंत्र तुमचं पान वाचेल आणि लोकांची नजर जिथे जास्त रेंगाळते तिथे आपोआप जाहिरात ठेवेल. शिवाय जाहिरात पानाशी जुळवून घेईल. तुमचीच अक्षरं, तुमचाच आकार, तुमचाच रंग. म्हणजे वाचकाच्या डोळ्यांना त्रास नाही. किती काळजी मेल्यांना वाचकाच्या डोळ्यांची!

तो बरेच दिवस विचार करत होता. जेवताना लक्ष नाही, आईने काही विचारलं तर भलतंच उत्तर. शेवटी चालू केली. न करून काय करणार होता? दुसरी नोकरी या वयात, अडखळणाऱ्या माणसाला, कोण देणार? चालू केली आणि पैसे खरंच बरे यायला लागले. नवीन खुर्ची आली. मला त्याने एक छान मोठी कात्री आणून दिली. आपण बंद करून ठेवलेली औषधं आणि चमत्कार नव्या सोयीतही बंदच असतील असं त्याने धरलं. नव्हती. ते सगळं नव्याने, दुसऱ्याच पानावर जाऊन, बंद करायचं होतं. डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या जाहिराती तपासणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात हे असं.

नंतरच्या काही महिन्यांत आई बदलायला लागली. दुपारी ती दुकानात माझ्याजवळ बसून बटणं लावायची, तो तिचा विरंगुळा. आता उजवीकडे ठेवलेली रिळं तिला सापडेनात. हात लागून चहाचा कप पडला, दोनदा. बाल्कनीत पाणी घालायची ते कुंडीच्या कडेने फरशीवर. मी म्हटलं, "अगं, नजर आहे कुठे?" तर म्हणाली, "वय झालं की होतं असं. सुधारेल आता." हे 'आता' काय ते मला कळलं नाही. एक दिवस जिन्यात उजवीकडून खाली येणाऱ्या मुलीवर ती सरळ जाऊन आदळली आणि उलट तिलाच म्हणाली, "कुठून आलीस गं?" मी दुकानाचं दार ओढून घेतलं, संपादकाला हाक मारली आणि तिला तशीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीण बाई शांत होत्या. यंत्राला हनुवटी टेकायला लावली, दिव्यांचे ठिपके दाखवले, दाब मोजला, परत मोजला. मग खुर्ची आईच्या जवळ ओढून बसल्या.

"आजी, थेंब घालताय ना?"

"नाही. बंद केले," आई म्हणाली. अगदी सहज.

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

आईने मान वळवली. भाऊ तिच्या उजवीकडे उभा होता, तो तिला दिसत नव्हता. तिने हाताने चाचपून त्याची बाही धरली आणि म्हणाली, "याने. लिहिलं होतं ना माझ्यासाठी."

मी भावाकडे बघितलं. त्याच्या तोंडातून "मी... मी... मी..." एवढंच येत राहिलं, पुढचा शब्द काही येईना. किती वेळ तो त्या एका अक्षरावर होता!

बाहेर बाकावर बसून त्याने आईचा फोन मागून घेतला. स्वतःचा लेख उघडला, तिच्या फोनवर, पहिल्यांदाच. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. गुलाबाच्या छाटणीचा लेख. खाली खाली गेला. चौकट आली. वर मथळा, "आईसाठी". आणि त्याच्या लगेच खाली, त्याच काळ्याभोर ठसठशीत अक्षरांत:

"डोळ्यांत थेंब घालणं आजच थांबवा. थेंबांनी डोळे कोरडे पडतात. आमच्या वनस्पतींच्या अर्काने नजर परत येते."

त्याखाली एक बटण, "मागवा". आणि त्याच्याही खाली भावाची स्वतःची ओळ, "आई, काटे टोचतील, हातमोजे घाल." कोपऱ्यात 'जाहिरात' असा शब्द होता. होता, नाही असं नाही. फिकट करड्या रंगात, मुंगीएवढा. मलाही तो दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसला. काचबिंदूच्या डोळ्यांना फिकट रंग दिसत नाही हे त्या यंत्राला कुणी सांगायचं?

लोकांची नजर सगळ्यात जास्त रेंगाळायची ती चौकटीत. म्हणून यंत्राने जाहिरात नेमकी तिथे ठेवली. मी घाईघाईने माझ्या फोनवर तोच लेख उघडला, तर माझ्या चौकटीत शिवणयंत्राचं तेल आणि सुया. म्हणजे मी रोज बघत होते आणि मला कसली शंका येणार? ज्याला जे लागतं ते त्याला. आई थेंब झोंबतात म्हणून फोनला विचारायची, तोंडाने बोलून, "डोळ्यांची आग कशी कमी करावी?" फोनने ऐकलं आणि लक्षात ठेवलं. ती ओळ फक्त आईला दिसत होती. सगळ्या जगात कुणी तक्रार करावी तर ते वाचणारी एकटी आई, आणि तिला ती मुलाची चिठ्ठी वाटत होती.

"एकदा नाही, रोज लिहीत होतास," आई बाकावर बसून सांगत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. "मी म्हटलं, एवढं सारखं लिहितोय म्हणजे कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांना विचारलं असणार. तुझ्या चौकटीतलं मी कधी मोडलंय का?"

"मग तो अर्क?" मी विचारलं. "तो मागवलास?"

"छे! पानावर कुठेच बोट लावायचं नाही असं यानेच बजावलंय ना. कपाटावर चिठ्ठी आहे अजून. मी काही दाबलं नाही. म्हटलं, हा आणेल. वाट बघत होते."

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. म्हणजे सांगता येतं, पण तोंड आवरत नाही. ज्या कुणी ती ओळ लिहिली त्याचं तळपट होवो, त्याच्या घरात दिवा न लागो. मी बाकावरच मोठमोठ्याने बोलायला लागले, लोक बघायला लागले. भाऊ फोन हातात धरून चौकटीवरून अंगठा फिरवत होता, डाग पुसावा तसा.

आत बोलावून बाईंनी आम्हा दोघांनाच सांगितलं, आईला ते अजून माहीत नाही. उजवा डोळा गेला. त्यात आता काही करण्यासारखं नाही, थेंबसुद्धा नकोत. डाव्यात मधली तेवढी नजर उरली आहे, नळीतून बघावं तेवढी. थेंब एक दिवसही न चुकवता घातले तर ती काही काळ टिकेल. किती काळ? बाईंनी हात टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "खोटी आशा देणार नाही."

घरी आल्यावर मी आईचं कपाट उघडलं. तो दर महिन्याला आणून देत होता त्या थेंबांच्या बाटल्या, एकही न फोडलेली, नीट ओळीने मांडून ठेवलेल्या. "म्हटलं, सवयीने आणतोय. लागल्या कुणाला तर देऊ," आई म्हणाली.

भावाने त्याच संध्याकाळी सगळ्या जाहिराती बंद केल्या. कंपनीला लिहिलं. त्याने काय लिहिलं मी वाचलेलं नाही, पण तो लिहिताना रडत होता आणि डोळे न पुसता लिहीत होता. उत्तर लगेच आलं. तुमच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, नको असलेल्या जाहिराती आपण अमुक पानावर जाऊन स्वतः बंद करू शकता. माणसाने लिहिलेलं उत्तर नव्हतंच ते. दुसऱ्यांदा लिहिलं तर शब्दाला शब्द तेच. मी म्हटलं, कुठे आहे त्यांचं ऑफिस, मी जाऊन एकेकाची गचांडी धरते. तो म्हणाला, "कु... कुणाची?"

मग त्याने आईला समजवायचा प्रयत्न केला. बोलून. अडखळत, थांबत, परत सुरुवात करत. आई, ते मी लिहिलं नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पैसे देऊन तिथे टाकलं. मला दिसतच नव्हतं. आई ऐकत होती, पण तिच्या कपाळावरची आठी हलेना.

"तुझ्या पानावर दुसरा कोण लिहील?" ती म्हणाली. "माझ्या नावाची चौकट. अक्षरं तुझी. घरात मीच तुझी आई. आणि लिहून गेला भलताच कुणीतरी, आणि तुला पत्ताही नाही?"

तो मान हलवत राहिला.

"असू दे," आई म्हणाली. "माणूस आहे, चुकतो. अंगाशी येऊ नये म्हणून खोटं बोलतोयस का माझ्याशी? मी रागावलेय का? नाही रागावले. लिहिण्यात चूक झाली तुझ्या. झालं गेलं."

मी तोंड उघडलं तर त्याने हाताने मला थांबवलं. तिच्या पायाशी खाली बसला आणि म्हणाला, "हो आई. चु... चुकलं माझं." आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला ते बघवेना, मी खाली दुकानात आले आणि मशीन नुसतंच चालवत बसले, कापड न घालता. तिने त्याला माफ केलं आणि त्या माफीनेच तो संपला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाहिराती बंद ठेवून घर चालतं का? नाही चालत. महिन्याभराने त्याने परत सुरू केल्या, वरची एक, स्वतः नेमलेल्या जागी. आता जाहिराती लपवत नाही तो. आईचा फोन घेऊन रोज सगळं वरपासून खालपर्यंत बघतो. काय उपयोग? आई आता वाचतच नाही. मथळा दिसला तर शेवट दिसत नाही, आणि शेवट सापडेपर्यंत मथळा विसरते. आणि ती चौकट त्याने काढून टाकली. सगळ्या लेखांतून, जुन्याही. लोकांनी विचारलं, आईची ओळ कुठे गेली? त्याने कुणालाच उत्तर दिलं नाही. नवीन लेखही फारसे होत नाहीत. आई बाल्कनीत जाऊन कुंड्या चाचपते आणि मिरचीचं झाड समजून पुदिन्याशी बोलते.

परवा सकाळी मी वर गेले होते. आई बाल्कनीत खुर्चीवर होती आणि तो थेंबांची बाटली घेऊन शेजारी उभा.

"चौकटीत लिहिलंयस का?" आईने विचारलं.

हे आता रोजचं झालं आहे. डॉक्टरीण काहीही सांगो, मी कितीही घसा फोडला तरी आई थेंब घालून घेत नाही. तिचं एकच. "मागच्या वेळी लिहिलंस बंद कर, मी बंद केले. आता सुरू करायचे असतील तर तसं लिही. उगाच बोलून नको सांगूस." आणि ती चौकट परत मांडायची त्याची छाती होत नाही. मी त्याला एकदा म्हटलं होतं, बाबा रे, एक ओळ तर आहे, टाक ना. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी परत विषय काढला नाही.

त्याने खिशातून फोन काढला, आईसमोर धरला आणि म्हणाला, "हो. लिहिलंय."

"मग वाच."

मी दारातून बघत होते. फोनचा पडदा काळा होता. त्याने तो चालूसुद्धा केला नव्हता.

"आईसा... आईसाठी," तो वाचायला लागला. "आई, थें... थें... थेंब..."

आईची मान हळूच त्याच्या दिशेने वळली. या मुलाला तिने कपाटाच्या दारासमोर उभं करून वाचायला शिकवलंय. वाचताना तो कधी अडखळत नाही हे तिला माझ्याही आधीपासून माहीत आहे. तो 'थें' वर अडकून राहिला, घाम फुटला त्याला, आणि ती तशीच बसून राहिली, शब्द पुरा होईपर्यंत.

"...थेंब घालून घे," त्याने एकदाचं म्हटलं.

"बरं लिहिलंयस," आई म्हणाली, आणि तिने मान मागे टेकली.

त्याने डाव्या डोळ्यात थेंब घातला. तिने डोळा मिटला, ओठ आवळले. झोंबत असणार. मग उजवा डोळा उघडा ठेवून ती वाट बघत राहिली.

"यात?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान वळवली. त्याने उजव्यातही थेंब घातला.